टेबल ९, फेरी १३

मतमोजणीच्या टेबलावर फरक बरोबर पन्नासचा आला की जाणता माणूस यंत्रावर संशय घेत नाही, त्याला मतदानाच्या दिवशीची पहाट आठवते. २३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी. आमच्या नऊ नंबरच्या टेबलावर तेराव्या फेरीत १७७ क्रमांकाच्या मतदान केंद्राचं कंट्रोल युनिट, म्हणजे मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग, आलं. टोटलचं बटण दाबलं तर पडद्यावर ७३१, आणि हातातल्या सतरा सी नमुन्यावर, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबावर, केंद्राध्यक्षाने लिहिलेली मतं ६८१. त्या पन्नास मतांचं पुढे काय झालं हे सांगतोच, पण आधी टेबलावर नेमकं काय चालतं ते सांगायला हवं. टीव्हीवर फक्त आघाडीचे आकडे दिसतात, ते आकडे कुठून निघतात ते दिसत नाही.

आमच्या मतदारसंघात ३३८ मतदान केंद्रं. सभागृहात यंत्रांसाठी टेबलं १४. एक नंबरचं केंद्र एक नंबरच्या टेबलावर, दोनचं दोनवर, असं चौदापर्यंत लावलं की पहिली फेरी. पंधरावं केंद्र परत एक नंबरच्या टेबलावर. ३३८ ला १४ ने भागा : २४ फेऱ्या पूर्ण, आणि उरलेल्या दोन केंद्रांसाठी पंचविसावी फेरी. त्या फेरीत बारा टेबलं हात बांधून बसतात. बारा फेऱ्यांची १६८ केंद्रं झाली, म्हणून तेराव्या फेरीत नऊ नंबरच्या टेबलावर १७७ वं. हे गणित उमेदवाराच्या प्रतिनिधींना तोंडपाठ असतं, कारण केंद्रांचे क्रमांक मतदारसंघाच्या एका टोकापासून लागतात. आमच्याकडे पहिल्या सात-आठ फेऱ्या डोंगराकडच्या गावांच्या, शहर सोळाव्या फेरीनंतर. दहाव्या फेरीला ‘मोठी आघाडी’ म्हणून बाहेर फटाके वाजत होते आणि आत दोन्ही बाजूंचे अनुभवी प्रतिनिधी शांत बसले होते. कोणत्या गावाची यंत्रं अजून यायची आहेत ते त्यांना माहीत होतं. आघाडी ‘फिरली’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मतं फिरलेली नसतात, केंद्रांची यादी पुढे सरकलेली असते.

प्रत्येक टेबलावर तिघे : मतमोजणी पर्यवेक्षक, सहायक आणि सूक्ष्म निरीक्षक. सूक्ष्म निरीक्षक केंद्र सरकारच्या किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या सेवेतला, बऱ्याचदा बँकेतला किंवा विमा कंपनीतला. कोणत्या टेबलावर कोण, हे पहाटे पाच वाजता संगणकावरच्या तिसऱ्या सरमिसळीत ठरतं. त्याआधी दोन सरमिसळी होतात, पहिलीत माणसं निवडतात, दुसरीत मतदारसंघ ठरतो. त्यामुळे ‘आपला माणूस अमुक टेबलावर बसवला’ ही चहाच्या टपरीवरची चर्चा ऐकायला मजेशीर असते, एवढंच. आपलं टेबल आपल्यालाच सहाच्या सुमाराला कळतं. मोबाइल बाहेर जमा. आत कॅल्क्युलेटर, पेन, कोरे कागद, सील फोडायला छोटं ब्लेड आणि छापील नमुने. प्रतिनिधी जाळीपलीकडे, तेही क्रमाने : राष्ट्रीय मान्यताप्राप्त पक्ष पुढे, मग राज्यस्तरीय, मग इतर राज्यांत मान्यता असलेले, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, शेवटी अपक्ष. यंत्राला हात लावायचा नाही, पण यंत्रावरचा प्रत्येक अंक दिसेल असं ते त्यांच्यासमोर धरायचं.

आठ वाजता टपाली मतपत्रिका सुरू होतात, साडेआठला यंत्रं. टपाली टेबलाकडे बातम्यांवाले फारसे बघत नाहीत आणि खरं अवघड काम तिथेच असतं. एका टेबलावर जास्तीत जास्त ५०० पाकिटं. बाहेरचं मोठं पाकीट तेरा सी, ते उघडलं की आत दोन गोष्टी हव्यात : तेरा ए हे प्रतिज्ञापत्र आणि तेरा बी हे आतलं बंद पाकीट. प्रतिज्ञापत्र नाही, सही नाही, साक्षांकन नाही, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नाही, तर आतलं पाकीट न फोडताच मत बाद. सगळं जुळलं तरच तेरा बी उघडायचं. मग मतपत्रिकेवर खूण एकाच उमेदवारापुढे आहे का, खूण आहे तरी का, मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलंय का, हे बघायचं. सैनिकांच्या मतपत्रिका ऑनलाइन जातात आणि टपालाने येतात; त्यांच्यावर क्यूआर कोड असतात आणि ते ठरल्या क्रमानेच वाचायचे. एक कोड वाचला गेला नाही की रांग थांबते. आणि सगळ्यात वाईट वाटतं ते कर्मचाऱ्यांची मतं बाद होताना. आयुष्यभर दुसऱ्याचे फॉर्म तपासलेला माणूस स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायला विसरतो.

बाद टपाली मतं किरकोळ समजू नयेत. विजयाचं अंतर जर मोजणीत बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी आलं, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला ती सगळी बाद मतं पुन्हा तपासावी लागतात, व्हिडिओ चित्रीकरणासह. सहाच महिन्यांपूर्वी, जून २०२४ मध्ये, मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेचा निकाल ४८ मतांवर लागला होता आणि सगळा वाद बाद टपाली मतांपाशी येऊन थांबला होता. त्यामुळे या वेळी प्रशिक्षणात तेरा ए वर तासभर गेला. बरं झालं.

आता यंत्र. टेबलावर फक्त कंट्रोल युनिट येतं. मतदार बटण दाबतो ते बॅलेट युनिट आणि त्याच्या मताची स्लिप छापणारं व्हीव्हीपॅट स्ट्राँगरूममध्येच राहतात. शिपाई पेटी आणून ठेवतो, तिच्यासोबत त्या केंद्राचा सतरा सी. आधी पेटीवरचा ॲड्रेस टॅग आणि लाखेचं सील बघायचं, मग ते फोडायचं. कंट्रोल युनिट बाहेर काढलं की त्याचा क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि प्रतिनिधींनी आपल्याकडच्या सतरा सीच्या प्रतीवर टिक करायची. ही प्रत त्यांना मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षानेच दिलेली असते. मग रिझल्टच्या कप्प्याचं बाहेरचं झाकण उघडायचं. आत हिरवा कागदी सील दिसतो, नोटेच्या कागदासारखा चरचरीत. त्यावर छापील क्रमांक आणि मतदानाच्या दिवशीच्या प्रतिनिधींच्या सह्या. हा क्रमांकही सतरा सीवर असतो. दोन्ही क्रमांक जुळले, सील फाटलेला नाही, असं सगळ्यांनी बघितलं की मागचा स्विच चालू. दिवा लागतो, यंत्र स्वतःची माहिती दाखवतं. रिझल्ट दाबण्याआधी टोटल दाबून सतरा सीशी ताडून घ्यायचं, ही आमच्या टेबलाची पहिल्या फेरीपासूनची सवय. तो आकडा जुळला तरच हिरव्या कागदाला बटणाच्या जागी भोक पाडून रिझल्ट दाबायचं.

मग पडद्यावर एकेक उमेदवार येतो आणि त्याची मतं. क्रम मतपत्रिकेवरचाच, शेवटी नोटा. सहायक आकडा वाचतो, मी लिहितो, सूक्ष्म निरीक्षक स्वतःच्या कागदावर वेगळा लिहितो, जाळीपलीकडे पाच-सात पेनं चालतात. कुणाचा तरी एक आकडा सुटतोच. ‘साहेब, परत दाखवा’ म्हटलं की बटण पुन्हा दाबायचं, त्यात कंटाळा करायचा नाही. रिझल्ट कितीही वेळा बघितला तरी आतली मतं जागची हलत नाहीत. बेरीज करायची, एकूण मतांशी जुळवायची आणि सतरा सीचा दुसरा भाग भरायचा. माझी सही, मग प्रतिनिधींच्या सह्या. चौदाही टेबलांचे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर जातात. निरीक्षक प्रत्येक फेरीत कोणतीही दोन यंत्रं उचलून त्यांचे आकडे स्वतंत्रपणे पडताळतात, संगणकात नोंद होते, फलकावर फेरी लागते आणि मगच पुढची यंत्रं निघतात. एका फेरीला पंधरा-वीस मिनिटं. यंत्र वाचायला त्यातली चार-पाचच लागतात, बाकीचा वेळ कागद जुळवण्यात जातो.

आणि कागद न जुळण्याचं कारण बहुतेकदा अक्षर असतं. चौथ्या फेरीत एका प्रतिनिधीने हरकत घेतली : त्याच्या प्रतीवर ६९१, यंत्रात ६११. बघतो तर केंद्राध्यक्षाने आकडे देवनागरीत लिहिलेले, आणि कार्बनखालच्या प्रतीत १ च्या गाठीला शेपूट फुटून ९ झालेला. आमच्याकडच्या मूळ प्रतीवर तोच आकडा शब्दांतही होता, सहाशे अकरा, म्हणून दोन मिनिटांत मिटलं. इंग्रजी आकड्यांत १ आणि ७ चा गोंधळ होतो, मराठीत १ आणि ९ चा. मतदान पथकांच्या प्रशिक्षणात आकडा शब्दांतही लिहा असं घसा फोडून सांगतात ते याचसाठी, आणि रात्री नऊ वाजता बस पकडायच्या घाईत हीच ओळ कोरी राहते.

या वेळी प्रतिनिधींच्या कागदावर एक नवीन रकाना होता : बॅटरी. ऑक्टोबरमध्ये हरियाणाच्या निकालानंतर ‘९९ टक्के बॅटरी’ची तक्रार देशभर झाली होती, तिचा हा परिणाम. दिवसभर वापरलेलं यंत्र ९९ टक्के कसं दाखवतं, हा प्रश्न वाजवी आहे आणि त्याचं उत्तर सरळ आहे. कंट्रोल युनिटचा पॉवर पॅक मोबाइलसारखा चार्ज होणारा नसतो, अल्कलाइन असतो. नवा पॅक साडेसात ते आठ व्होल्ट देतो, आणि दाब ७.४ च्या वर आहे तोवर पडदा ९९ च दाखवतो. त्याखाली आला की ९८ पासून उतरायला लागतो, १० टक्क्यांच्या आसपास बदलण्याची सूचना येते. कमी मतदान झालेलं, ताज्या पॅकचं यंत्र ९९ वर राहील आणि गर्दीच्या केंद्रावरचं ८० वर येईल. त्याचा कुणाला किती मतं पडली याच्याशी संबंध नाही. आमच्या टेबलावर दोन्ही प्रकारची यंत्रं आली. दोन फेऱ्यांनंतर प्रतिनिधींनी तो रकाना भरणं सोडून दिलं.

आता १७७.

मतदानाच्या दिवशी सात वाजता मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी अभिरूप मतदान करायचं असतं. सगळे याला मॉक पोलच म्हणतात. नोटासह प्रत्येक बटणाला किमान एक, एकूण किमान पन्नास मतं टाकायची, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने तीन बटणं. यंत्र शून्यावर आलं हे प्रतिनिधींना दाखवायचं. व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या मॉक पोलच्या स्लिपा काढून त्यांच्या मागे शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून ते सील करायचं आणि गुलाबी डब्यात ठेवायचं. मग प्रमाणपत्र भरायचं. पहाटे साडेपाचला हे सगळं करणारी माणसं आदल्या दिवशी सकाळपासून साहित्य घेऊन निघालेली असतात, शाळेच्या बाकावर झोपलेली असतात. प्रतिनिधी वेळेवर येत नाहीत, त्यांची वाट बघण्यात पंधरा मिनिटं जातात, बाहेर सातला रांग लागलेली असते.

म्हणूनच फरक नेमका पन्नास आला की क्लिअर राहिलं हे कळतं. पण नुसतं क्लिअर नाही. क्लोज दाबल्यावर यंत्र पुढची मतं घेतच नाही. क्लिअर केल्याशिवाय बॅलेट बटण चालत नाही. म्हणजे या केंद्रावर क्लोजही दाबलेलं नव्हतं. टोटलवर पन्नास दिसले, स्लिपा काढून उमेदवारनिहाय मोजल्या, त्या मॉक पोलच्या मतांशी जुळल्या, सगळे खूश झाले आणि सात वाजले. तीन बटणांची साखळी एकदमच राहून गेली. प्रमाणपत्रावर मात्र ‘यंत्र क्लिअर केले’ या छापील ओळीखाली सही होती. छापील ओळीचा तोच धोका; माणूस ती वाचत नाही, सही करतो.

आणि संध्याकाळी? मतदान संपल्यावर क्लोज करून टोटल बघितलं तेव्हा त्या केंद्राध्यक्षालाही ७३१ च दिसले असणार. मतदार नोंदवहीत, म्हणजे सतरा ए मध्ये, ६८१ सह्या. सतरा सीमध्ये यंत्रातली मतं लिहायचा रकाना वेगळा आणि नोंदवहीवरची संख्या लिहायचा वेगळा, ते दोन जुळतात का हे लिहायचा तिसरा. त्याने दोन्हीकडे ६८१ लिहिलं आणि तिसऱ्यात ‘होय’. मुद्दाम फसवायचं होतं असं मला वाटत नाही, घाबरला असणार. तेव्हाच क्षेत्रीय अधिकाऱ्याला फोन करून सगळं नोंदवहीत लिहिलं असतं तरी यंत्र बाजूलाच गेलं असतं, फक्त टेबलावरचा अर्धा तास वाचला असता.

टेबलावर आम्ही काय करायचं, तर काहीच नाही. रिझल्ट दाबायचं नाही. हिरवा सील आहे तसा ठेवायचा. सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला हात करून बोलवायचं. एका प्रतिनिधीने लगेच तोडगा काढला : ‘पन्नास वजा करा ना सर, मॉक पोलमध्ये कुणाला किती ते प्रमाणपत्रावर लिहिलंय.’ ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या प्रमाणपत्रावर क्लिअर न करता ‘क्लिअर केले’ लिहिलंय, त्याच्यावरचे उमेदवारनिहाय आकडे खरे कशावरून? आणि वजाबाकी करायचा अधिकार टेबलाला नाही. दुसऱ्याचं म्हणणं, फेरमतदान घ्या. त्याचाही अधिकार सभागृहात कुणाला नाही.

निवडणूक निर्णय अधिकारी आले, निरीक्षक आले. यंत्राचा क्रमांक, हिरव्या सीलचा क्रमांक, दोन्ही आकडे पंचनाम्यासारखे लिहिले गेले, प्रतिनिधींच्या सह्या झाल्या. यंत्र परत पेटीत, पेटीला वेगळी चिठ्ठी, आणि पेटी त्यांच्या टेबलामागे सगळ्यांच्या नजरेसमोर. तेराव्या फेरीचा निकाल तेरा टेबलांच्या आकड्यांवर लागला. बाहेर कुणालाच कळलं नाही.

तेव्हाचा नियम असा : अशी यंत्रं शेवटपर्यंत बाजूला ठेवायची. सगळ्या फेऱ्या झाल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारातलं अंतर बघायचं. ते जर बाजूला ठेवलेल्या केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल, तर त्या मतांनी निकाल बदलूच शकत नाही, म्हणून ती न मोजता निकाल जाहीर होतो. अंतर तेवढंच किंवा कमी असेल, तर त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅटच्या स्लिपा मोजायच्या. आमच्याकडे शेवटचं अंतर चार हजारांच्या वर गेलं आणि १७७ वर मतं ६८१. म्हणजे मोजायची गरज नाही. आकड्यांच्या दृष्टीने बरोबर. पण ६८१ माणसं रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली, आणि त्यांच्या गावाची नोंद निकालपत्रात आलीच नाही. २०२५ मध्ये आयोगाने अशा केंद्रांच्या स्लिपा मोजणं सक्तीचं केलं. आमच्या वेळी ते अंतरावर अवलंबून होतं.

हे नेहमीच एवढं निरुपद्रवी असतं असं नाही. त्याच दिवशी मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांवर लागला, साकोलीचा २०८ वर, बेलापूरचा ३७७ वर. यातल्या कुठल्याही ठिकाणी असं एक यंत्र बाजूला निघालं असतं, तर आमदार कोण हे त्या एका शाळेतल्या स्लिपांच्या डब्याने ठरवलं असतं.

निकालानंतर जो गदारोळ झाला, ‘झालेलं मतदान आणि मोजलेली मतं जुळत नाहीत’, त्याचं उत्तरही या टेबलापाशीच आहे. राज्यात यंत्रांवर ६,४०,८८,१९५ मतं पडली, मोजलेली मतं ६,४५,९२,५०८. पाच लाख जास्त कुठून आली? मतदानाच्या टक्केवारीत टपाली मतं धरत नाहीत आणि मोजणीत धरतात. ती होती ५,३८,२२५. ही मिळवली तर बेरीज ६,४६,२६,४२० येते, म्हणजे मोजलेल्या मतांपेक्षा ३३,९१२ जास्त. ही तफावत कशी राहते याचं एक कारण म्हणजे १७७ सारख्या पेट्या. संध्याकाळी पाचचे ५८.२२ टक्के आणि अखेरचे ६६.०५ टक्के, यातल्या फरकावरही बरंच बोललं गेलं. पाचचा आकडा केंद्राकेंद्रांवरून फोनवर घेतलेला अंदाज असतो. मतदान सहापर्यंत, आणि सहाला जे रांगेत आहेत त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटून सगळ्यांचं मतदान घ्यायचं असतं. पक्का आकडा सतरा सीचा, तो पथकं परत आल्यावरच मिळतो. हे सगळं त्याच आठवड्यात शांतपणे सांगितलं गेलं असतं तर निम्मा गदारोळ टळला असता, असं माझं मत.

पंचविसावी फेरी संपली तेव्हा बाहेर गुलाल उधळून झाला होता. आत अजून पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट स्लिपा बाकी होत्या. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या स्लिपा मोजतात. ती पाच कोणती, हे चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठ्या म्हणजे पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डं, प्रत्येकावर केंद्राचा क्रमांक इंचभर मोठ्या अंकांत. आधी सगळी प्रतिनिधींना दाखवायची, मग चार घड्या घालून डब्यात टाकून हलवायची. काढायची निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने स्वतः.

स्लिपांची मोजणी बँकेतल्या रोखपालाच्या पिंजऱ्यासारख्या जाळीच्या कक्षात होते, आत प्रत्येक उमेदवारासाठी एक खण. डबा उघडायचा, स्लिपा टेबलावर ओतायच्या. सगळ्याच मोजायच्या नसतात. यंत्र चालू केल्यावर ते स्वतःची तपासणी करून सात स्लिपा छापतं, त्यांच्यावर उमेदवार नसतो. त्या वेगळ्या काढायच्या. बाकीच्या चिन्ह बघून खणात, मग पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. स्लिप साधारण १० सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद, थर्मल कागदाची, वळून बसलेली. पंख्याखाली मोजायला बसलात तर संपलंच. आम्ही पंखे बंद केले आणि घामाने बोटं ओली, मग दोन स्लिपा एकमेकींना चिकटायला लागल्या. दुसऱ्या केंद्राला एका उमेदवाराची एक स्लिप कमी आली. सगळे गठ्ठे पुन्हा मोजले, एकात सव्वीस निघाल्या. पाच केंद्रं एकामागून एक, प्रत्येकी पाऊण ते एक तास. स्लिपा आणि यंत्र यांचा मेळ बसला नाही तर नियमाने स्लिपांचा आकडा धरायचा. आमच्या पाचही केंद्रांवर मेळ बसला. राज्यात २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० केंद्रांच्या स्लिपा मोजल्या गेल्या आणि कुठेही तफावत निघाली नाही, असं नंतर मुख्य निवडणूक अधिकारी कार्यालयाने जाहीर केलं.

मग वीस नंबरचा नमुना, अंतिम निकालपत्रक. केंद्रनिहाय, उमेदवारनिहाय सगळी मतं एका तक्त्यात. त्यावर सही होण्याआधी निवडणूक निर्णय अधिकारी बेरजा वाचून दाखवतात आणि थोडं थांबतात. फेरमोजणी मागायची तर याच वेळी, लेखी आणि कारणासह. एकदा सही झाली की सभागृहातला मार्ग बंद. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने अर्ज दिला, कारण म्हणून १७७ लिहिलं. अर्ज कारणं नोंदवून फेटाळला गेला : त्या केंद्रावरची सगळी मतं एकाच उमेदवाराला दिली तरी निकाल तोच राहतो. प्रतिनिधीलाही ते माहीत होतं. कागद लागतो पुढे, न्यायालयात जायचं तर. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, निकालापासून ४५ दिवसांत. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला यंत्रांची मेमरी तपासून हवी असेल तर अर्ज सात दिवसांत, जास्तीत जास्त पाच टक्के यंत्रांसाठी, तेव्हा एका संचाला ४०,००० रुपये आणि वर जीएसटी होता.

वीस नंबरच्या नमुन्याबद्दल एक सांगायला हवं. कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं, हे त्यात उघड छापलेलं असतं. मत गुप्त, पण गाव उघडं. त्या रात्रीपासूनच कार्यकर्त्यांच्या फोनवर ‘तुमच्या वाडीने काय केलं ते कळलं’ सुरू होतं. चौदा यंत्रं एकत्र जोडून एकच बेरीज दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्येच दिला होता, अजून नियम बदललेला नाही.

जाहीरनामा, प्रमाणपत्र, फोटो. अनामत वाचायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात आणि त्या एकूणात नोटा धरत नाहीत. आमच्याकडे पहिले दोघं सोडून सगळ्यांचे दहा-दहा हजार गेले. राज्याचं चित्र तोवर स्पष्ट होतं : भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१, समोर शिवसेना ठाकरे गट २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी शरद पवार गट १०. आमच्या सभागृहात ते बाहेरच्या ध्वनिक्षेपकावरून अर्धवट ऐकू येत होतं आणि आम्ही ॲड्रेस टॅगला दोरा ओवत होतो. मोजून झालेलं प्रत्येक कंट्रोल युनिट परत पेटीत, पेटीला सील, त्यावर उमेदवारांनाही आपलं सील लावता येतं. व्हीव्हीपॅटसकट सगळं स्ट्राँगरूममध्ये ४५ दिवस.

१७७ ची पेटी शेवटी गेली. तिच्यावर मोजणीचं सील लावायचं की नाही यावर दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी लावलं, आणि टॅगच्या पाठीवर सहायकाने मार्करने लिहिलं : ‘मोजणी केलेली नाही. एकूण ७३१.’ मी त्याला थांबवलं, आणि आकडा शब्दांतही लिहायला लावला.